पैसे आपले, तर सायकलही आपलीच हवी

महाग वस्तू घेताना माणूस दोन हिशेब करतो. एक खिशाचा आणि दुसरा मनाचा. खिशाचा हिशेब कागदावर मांडता येतो. मनाचा हिशेब आपण मांडतच नाही, कारण त्यात ‘लोक काय म्हणतील’, ‘परत परत थोडीच घ्यायची आहे’ आणि ‘विजेत्याकडे आहे तीच हवी’ असल्या रकमा असतात. बहुतेक वेळा खरेदीचा निर्णय मात्र या दुसऱ्या हिशेबावरच होतो. सध्या हे सगळे मी एका सायकलीच्या निमित्ताने जवळून पाहतो आहे.

माझा भाचा दुबईत नोकरी करतो. आमच्या रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांचे छप्पर, शिक्षण आणि लग्ने आखातातल्या पगारावर झाली आहेत. त्याचेही तसेच आहे. महिन्याचे पैसे घरी पाठवून जे उरते त्यातून त्याने एक नाद जोपासला, सायकलचा. तिथे अल कुद्राच्या वाळवंटात केवळ सायकलींसाठी बांधलेला ऐंशी किलोमीटरहून लांब डांबरी ट्रॅक आहे. मोटार नाही, सिग्नल नाही, चढ जवळजवळ नाही. उन्हाळ्यात फजरची नमाज झाली की ही मंडळी निघतात आणि ऊन चढायच्या आत परततात. आता जुनी ॲल्युमिनियमची सायकल विकून त्याला कार्बनची ‘एरो’ रोड बाइक घ्यायची आहे. एरो म्हणजे हवा कमीत कमी अडावी अशा आकाराच्या नळ्यांची. त्याने दोन नावे पाठवली आणि विचारले, “मामू, यांतली कुठली घेऊ?” मी आयुष्यभर पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलची मुले शिकवली आणि त्याहून जास्त वर्षे सायकल चालवली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला.

दोन्ही सायकली एकाच कंपनीच्या, सर्वेलोच्या. एक एस ५ आणि दुसरी सोलोइस्ट. मला ही जोडी फार बोलकी वाटते. दोन वेगळ्या कंपन्या असत्या तर प्रत्येक जण आपल्या सायकलीचे गोडवे गायला असता आणि खरे-खोटे करता आले नसते. इथे एकाच घरातल्या माणसांनी एकाच वर्षी, २०२२ मध्ये, दोन सायकली पुढे ठेवल्या. एस ५ त्या वर्षी नव्या रूपात आली आणि सोलोइस्ट नव्याने आली. दोन्ही कार्बनच्या, दोन्ही एरो, दोन्हींत ३४ मिलिमीटरपर्यंतचा टायर मावतो, दोन्हींना डिस्क ब्रेक. तरी किमतीत मोठे अंतर. ते अंतर कशाचे आहे हे कळले की निवड फारशी अवघड राहत नाही.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो इथे उपयोगाचा आहे. सर्वेलो ही कंपनी १९९५ मध्ये कॅनडात फिल व्हाइट आणि जेरार्ड व्रूमेन या दोन इंजिनिअरांनी काढली. इटालियन भाषेत ‘चेर्वेलो’ म्हणजे मेंदू आणि फ्रेंचमध्ये ‘व्हेलो’ म्हणजे सायकल. दोन्ही जोडून हे नाव झाले. त्या काळात रोड सायकलचा दर्जा एकाच गोष्टीवरून ठरायचा, वजनावरून. जितकी हलकी तितकी चांगली. तेव्हा यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांना विमानाच्या पंखासारखा आकार देऊन एक सायकल काढली. तिचे नाव सोलोइस्ट. २००३ पासून सीएससी हा व्यावसायिक संघ सर्वेलोवर धावू लागला आणि हवेचा विचार केवळ टाइम ट्रायलपुरता नाही, रोजच्या शर्यतीतही तो करायला हवा, हे हळूहळू सगळ्यांना पटले.

त्याच वाटेवर पुढे २०११ मध्ये एस ५ आली. तिची पुढची बाजू ओळखू येते ती २०१८ पासून. हँडलला धरणारा स्टेम इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा दुभंगलेला, मधून हवा निघून जाईल असा. सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना यूसीआय हिचा पूर्वी नियम होता की फ्रेमच्या नळीची खोली रुंदीच्या तिपटीहून जास्त नको. पुढे तो सैल झाला आणि २०२२ च्या एस ५ ने त्याचा फायदा उठवत नळ्या आणखी खोल केल्या. त्याच वर्षीच्या टूर द फ्रान्समध्ये सर्वेलोवर धावणाऱ्या युम्बो-व्हिस्मा संघाच्या योनास विंगेगार्डने पिवळी जर्सी घरी नेली आणि वाउट व्हॅन आर्टने हिरवी. एस ५ चे नाव सर्वतोमुखी झाले ते तेव्हा.

नव्या सोलोइस्टची ओळख मात्र कंपनीने फार साधेपणाने करून दिली. एस ५ पेक्षा हलकी, आणि आर ५ या त्यांच्या चढावाच्या सायकलीपेक्षा हवेत सरस. म्हणजे मधली. तिचा स्टेम साधा, हँडल साधे गोल, ब्रेकचे पाइप स्टेमच्या खालून जाऊन फ्रेममध्ये शिरणारे. संघाची गाडी, मिस्त्री आणि सुटे भाग मागेपुढे नसलेल्या, स्वतःच्या कमाईतून सायकल घेऊन शर्यतीत उतरणाऱ्या माणसाला समोर ठेवून ही सायकल केली आहे, हे तिच्याकडे पाहताच समजते.

आता मूळ प्रश्न. भाच्याने विचारले होते, “जास्त वेगवान कुठली?” याचे उत्तर सरळ आहे. एस ५. त्यात वाद नाही. पण किती वेगवान, कुठल्या वेगाला आणि कोणासाठी, हे विचारल्याशिवाय त्या उत्तराला काही किंमत नाही.

हवेचा अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो ढकलायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. हे वाक्य मी वर्गात अनेकदा फळ्यावर लिहिले आहे; सायकलवर ते मांड्यांना कळते. व्यावसायिक स्वार सपाटीवर ताशी ४५ किलोमीटरने जातो. आपल्यासारखा नियमित सायकल चालवणारा, तयारीचा हौशी माणूस एकटा असेल तर ३० ने जातो. ३० आणि ४५ यांचे प्रमाण दोनास तीन. दोनचा घन ८ आणि तीनचा २७. म्हणजे ४५ च्या वेगाला जी वस्तू २७ वॅट वाचवते, तीच ३० च्या वेगाला ८ वॅट वाचवते. म्हणून पवनबोगद्यातले आकडे पाहताना पहिली गोष्ट पाहायची ती म्हणजे चाचणी कुठल्या वेगाला केली. बहुतेक कंपन्या ४५ किंवा त्याच्या आसपासचा वेग धरतात. तो वेग खोटा नाही, फक्त तो आपला नाही.

आता समजा, एस ५ आणि सोलोइस्ट यांच्यात ४५ च्या वेगाला ९ वॅटचा फरक आहे. हा आकडा मी हिशेबासाठी धरला आहे, कंपनीचा नव्हे. भाच्याच्या ३० च्या वेगाला तो तीन वॅटच्याही आत येतो. सपाटीवर ३० ने जायला साधारण बांध्याच्या माणसाला हवेसाठीच शंभर-एकशेदहा वॅट लागतात. त्यातले तीन वॅट. आणि तेही एकटा असेल तर. चार जणांच्या मागे, दुसऱ्याच्या आडोशाला सायकल चालवताना हवेचा अडसर एक तृतीयांशाच्या आसपास कमी होतो. मग त्या तीनचे दोन उरतात. अल कुद्रावर बहुतेक लोक घोळक्यानेच जातात.

याचा अर्थ एरो सायकल ही थाप आहे, असा नाही. असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. “आम्ही काळ्या सायकलवर दहा-दहा मैल शाळेत गेलो, आम्हाला कुठे लागला पवनबोगदा?” हे ऐकायला बरे वाटते, पण ते उत्तर नव्हे. उलट एक गमतीची गोष्ट आहे. साध्या गोल नळ्यांच्या सायकलीऐवजी एरो सायकल घेतली आणि एकूण अडसर ३ टक्क्यांनी कमी झाला, असे धरू. ४० किलोमीटर एकट्याने जाताना ४५ ने जाणाऱ्याचे सुमारे तीस सेकंद वाचतात आणि ३० ने जाणाऱ्याचे चाळीसहून थोडे जास्त. वॅट कमी वाचतात, पण तो रस्त्यावर जास्त वेळ असल्यामुळे सेकंद जास्त वाचतात. म्हणजे हळू जाणाऱ्यालाही हवेचा विचार उपयोगाचा आहे. वाळवंटातल्या सपाट ट्रॅकवर, जिथे वारा हाच चढ असतो, तिथे तर आहेच. म्हणून भाच्याने एरो सायकल घ्यावी, याला माझी पूर्ण संमती आहे. पण हा मोठा फायदा गोल नळ्या सोडून एरो नळ्यांकडे येताना मिळतो. एका चांगल्या एरो सायकलीवरून त्याहून चांगल्या एरो सायकलीवर जाताना उरतो तो चिमूटभर. आणि पैसा सगळ्यात जास्त त्या चिमटीलाच लागतो.

शिवाय हवेला अडणारी सगळ्यात मोठी वस्तू सायकल नाहीच. ती आपण आहोत. सायकल आणि स्वार मिळून जो अडसर होतो, त्यातला सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश वाटा माणसाच्या अंगाचा असतो. डोके, खांदे, छाती, हलणारे पाय. कोपर वाकवून, हात जमिनीला समांतर ठेवून पंधरा मिनिटे जास्त बसता आले, तर दोन फ्रेममधला सगळा फरक भरून निघतो आणि वर उरतो. फडफडणारा ढगळ टी-शर्ट सोडून अंगाला बसणारी जर्सी घातली तरी तेच. दुबईचे आणखी एक गणित आहे. ४० अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी विरळ असते. दोन फ्रेममध्ये असू शकतो त्यापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे आणि तो फुकट आहे. अर्थात त्या उन्हात तो घ्यायला अंगात जीव उरत नाही, हा भाग वेगळा!

म्हणून मी त्याला म्हटले, आधी बैठक. ज्या सायकलवर तू वाकून तासभर आरामात राहू शकतोस, ती तुझ्यासाठी वेगवान. ज्या सायकलवर अर्ध्या तासात मान आखडते आणि तू उठून बसतोस, तिची फ्रेम पवनबोगद्यात पहिली आली असली तरी तुझ्यासाठी ती हळूच. दोन्ही सायकलींची बैठक शर्यतीची आहे, म्हणजे वाकलेली. इथेच स्टेमचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते ही निवड हवेवर ठरत नाही, स्टेमवर ठरते.

माणसाचे शरीर बदलते. पहिल्या वर्षी कंबर ताठ असते, दुसऱ्या वर्षी सैल होते, चाळिशीनंतर पुन्हा ताठ. त्याप्रमाणे हँडल सेंटिमीटरभर मागे-पुढे, वर-खाली करावे लागते. सोलोइस्टमध्ये हे काम सोपे आहे. स्टेम साधा आहे. ब्रेकचे पाइप त्याच्या पोटातून जात नाहीत, खालून जातात, त्यामुळे पाइप न सोडता स्टेम बदलता येतो. हँडल गोल आहे, बाजारात मिळणारे दुसरे कुठलेही बसते, हवे तितक्या रुंदीचे. एस ५ ला तिचाच व्ही स्टेम आणि तिचेच हँडल लागते. त्यांची वेगवेगळी मापे मिळतात, नाही असे नाही. पण मिळतात ती एकाच दाराशी. तो भाग त्या दिवशी दुकानात असला तर ठीक, नसला तर वाट पाहायची.

दुबईत एक वेळ हे चालून जाईल. तिथे दुकाने आहेत, सराईत मिस्त्री आहेत. पण आखातातली नोकरी म्हणजे भाड्याचे घर. आज ना उद्या माणूस गावी परततो आणि सायकलही त्याच्याबरोबर येते. रत्नागिरीत जून ते सप्टेंबर पाऊस, वर्षभर खारी हवा. कार्बन कुजत नाही हे खरे, पण सायकलमध्ये सगळेच कार्बन नसते. बोल्ट, बेअरिंग, ब्रेकचे भाग धातूचे असतात. कार्बन आणि ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात, तिथे घामाचे किंवा समुद्राचे मीठ शिरले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. सीटपोस्ट फ्रेममध्ये अडकून बसतो, बोल्ट जागीच जाम होतात. ज्या सायकलींचे ब्रेक-पाइप हेडसेटच्या बेअरिंगमधून आत जातात, त्यांत दोनशे-तीनशे रुपयांचे बेअरिंग बदलायला आधी ब्रेकचे पाइप सोडा, मग तेल भरा, मग त्यातली हवा काढा, असा दिवसभराचा कारभार होतो. आजच्या बहुतेक एरो सायकलींचे हे दुखणे आहे आणि सोलोइस्टही त्यातून पूर्ण सुटलेली नाही. पण जिथे जिथे साधा भाग वापरता आला, तिथे तिथे तिने वापरला आहे.

आमच्याकडचे सायकल मिस्त्री हुशार आहेत. वाकडे झालेले चाक नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने सरळ करणारे हात मी पाहिले आहेत. पण कार्बनला अंदाज चालत नाही. बोल्ट किती न्यूटन-मीटरने आवळायचा ते त्यावर लिहिलेले असते, आणि त्यासाठी टॉर्क पाना लागतो. लोखंड जास्त आवळले तर दबते, वाकते, सांगून मोडते. कार्बन आतून तडकतो आणि बाहेरून तसाच चकचकीत दिसतो. एक दिवस उतारावर हँडल किंवा सीटपोस्ट हातात येतो. त्यामुळे ज्या सायकलची रचना मिस्त्रीला पाहताक्षणी कळते आणि जिचा भाग कुठल्याही बऱ्या दुकानातून मागवता येतो, ती सायकल केवळ स्वस्त पडत नाही, ती सुरक्षितही राहते. कारण तिची देखभाल होते. जिची देखभाल अवघड, तिची देखभाल माणूस पुढे ढकलतो. हा माणसाचा स्वभाव आहे.

सोलोइस्टला साध्या तारेवर चालणारे गिअरही बसवता येतात. आज भाचा बॅटरीवर चालणारेच गिअर घेईल, घेऊ दे. पण उद्या गावी एखादा भाग निकामी झाला आणि नवा मागवायला परवडला नाही, तर मागे यायला एक वाट उघडी आहे. अशी वाट उघडी असणे ही माझ्या दृष्टीने वस्तूची मोठी श्रीमंती आहे.

चढाचा मुद्दा थोडक्यात सांगतो. रास अल खैमाला जबल जैस नावाचा डोंगर आहे. तिथला रस्ता सुमारे वीस किलोमीटर चढतो; यूएई टूरचे टप्पे तिथे संपले आहेत. भाचा वर्षातून दोनदा मित्रांबरोबर जातो. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरले आणि त्यातला अर्धा किलो कमी झाला, तर ऐंशी मिनिटांच्या चढात वीस-पंचवीस सेकंद वाचतात. हलकी सायकल म्हणून सोलोइस्टच्या बाजूने हा फायदा मोजावा, पण त्यासाठी म्हणून ती घेऊ नये. तेवढे वजन पाण्याच्या एका बाटलीत असते.

आता पैसा. वरच्या दर्जाच्या गिअर आणि चाकांसह एस ५ ची किंमत दहा हजार अमेरिकी डॉलरच्या वर जाते. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, त्यामुळे हे ३६ हजार दिरहमहून जास्त झाले. बेताच्या गिअरची सोलोइस्ट त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत येते. सारखेच गिअर घेतले तरी फरक बराच राहतो. त्या फरकात काय काय येते, याची यादी मी त्याला करायला सांगितली. जाणकाराकडून बैठकीचे माप. चांगल्या टायरचे दोन जोड. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, टॉर्क पाना. आणि त्यानंतरही रत्नागिरीच्या घराच्या माडीचे छप्पर यंदा पावसाच्या आधी होते की नाही, ते पाहा. सायकल घेऊ नकोस, असे मी त्याला एकदाही म्हटले नाही. परदेशात एकट्याने राहणाऱ्या तरुण माणसाला सकाळी उठायला एक कारण लागते आणि सायकल हे चांगले कारण आहे. पण ती सायकल घरच्या कुणाच्या डोळ्यांत खुपू नये, एवढी जागा हिशेबात ठेवावी.

एस ५ च्या बाजूने जे बोलले जाते तेही ऐकायला हवे. पहिला मुद्दा, “घ्यायची तर एकदाच, सगळ्यात वरची.” हे घर किंवा जमीन घेताना ठीक. सायकल ही झिजणारी वस्तू आहे. चेन, टायर, ब्रेकचे पॅड, बेअरिंग हे सगळे वर्षा-दोन वर्षांनी बदलावे लागते, आणि वरच्या दर्जाच्या सायकलचे हे सगळे महाग असते. एकदाच घेतलेली वस्तू इथे दरवर्षी थोडी थोडी पुन्हा विकत घ्यावी लागते. आणि वरची म्हणावी तर ती वर राहते किती दिवस? २०२५ मध्ये एस ५ पुन्हा नवी झाली. दोन-तीन वर्षांत ‘सगळ्यात वरची’ सायकल ‘मागची’ होते.

दुसरा मुद्दा, “टूर द फ्रान्स जिंकलेली सायकल आहे.” जिंकली ती माणसाने. त्याच्या मागे मिस्त्री होते, प्रत्येक भाग हाताशी होता, आणि फ्रेमला तडा गेला तर दुसरी सायकल मोटारीच्या टपावर तयार होती. त्यांना सायकल विकत घ्यावी लागत नाही, सांभाळावी लागत नाही, विकावीही लागत नाही. म्हणून त्यांच्यासाठी एकच प्रश्न उरतो, वेगवान कुठली? आपल्यापुढे चार प्रश्न असतात. त्यांचे उत्तर आपल्याला लागू होत नाही, कारण त्यांचा प्रश्नच आपला नाही.

तिसरा मुद्दा मात्र खरा आहे आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. “मामू, ती दिसतेच इतकी देखणी.” दिसते. तो दुभंगलेला स्टेम, ती खोल फ्रेम, उभी असतानाही पळते आहे असे वाटते. सौंदर्याचा मोह हा काही गुन्हा नाही. माणूस घड्याळ घेताना वेळ पाहण्यापुरते घेत नाही. ज्याच्याकडे पैसे मुबलक आहेत आणि ज्याला ती पाहूनच रोज चालवावीशी वाटेल, त्याने ती खुशाल घ्यावी. फक्त तिला देखणी म्हणून घ्यावी आणि तसे स्वतःला सांगावे. तीन वॅटची ढाल पुढे करू नये. वस्तूच्या मोहापेक्षा त्या मोहाला गणिताचे कपडे घालणे मला जास्त खटकते.

कुणी विचारेल, मग एस ५ कोणासाठी? जो खरोखर शर्यत करतो, जो घोळक्यातून सुटून एकटा ४० च्या वर वेग तासभर टिकवतो, ज्याची बैठक वर्षानुवर्षे ठरलेली आहे आणि स्टेम बदलायची वेळ येणार नाही, ज्याच्या हाताशी जाणता मिस्त्री आहे. अशा माणसाला ती तिच्या किमतीचे मोल देते. शर्यत दोन सेकंदांनी हरणारा माणूस त्या दोन सेकंदांसाठी पैसे मोजेल, तर ते त्याच्या कामाचेच पैसे आहेत. माझा भाचा त्यांत बसत नाही. हे लिहिणारा तर नाहीच.

माझे मत असे की या दोघींत स्वतःच्या कमाईने सायकल घेणाऱ्याने सोलोइस्ट घ्यावी. ती कमी पैशांत मिळते हे त्याचे एक कारण, पण मुख्य कारण ते नाही. मुख्य कारण हे की ती मालकाच्या ताब्यात राहते. तिचे हँडल मालकाच्या पाठीप्रमाणे बदलते, तिचे भाग मालकाच्या ऐपतीप्रमाणे बदलतात, ती मुंबईच्या विमानासाठी पेटीत भरताना स्टेमचे बोल्ट सोडून हँडल बाजूला घेता येते, आणि मालक गाव बदलतो तेव्हा ती त्याच्याबरोबर गाव बदलू शकते. एस ५ बाबत मालकालाच सायकलीप्रमाणे बदलावे लागते.

तुमच्यापुढे कदाचित वेगळ्या दोन सायकली असतील. कंपन्या वेगळ्या, नावे वेगळी. तरी दुकानात जाण्याआधी कागदावर चार ओळी लिहा. मी सपाटीवर एकटा असताना खरोखर किती वेगाने जातो? या हँडलवर वाकून मी किती मिनिटे राहतो? पुढे बेअरिंग गेले, तर ते बदलणाऱ्या माणसाचे दुकान माझ्या घरापासून किती लांब आहे? आणि सायकल घेतल्यावर खात्यात काय उरते? पहिल्या ओळीत मनातला वेग लिहू नका, सायकलच्या मीटरवर दिसणारा सरासरी वेग लिहा. या चार ओळी प्रामाणिकपणे लिहिल्या, तर विक्रेत्याने समोर ठेवलेला पवनबोगद्याचा आलेख तुम्ही शांतपणे पाहू शकाल, आणि दोन सायकलींतली तुमची कुठली हे त्या आलेखाला विचारावे लागणार नाही.